पर्डी आजीची हमी

आमच्या पोर्ट टॅलमनमध्ये एके काळी तान्ही बाळं रडत नसत. थाप वाटेल, पण ओहायो नदीवरच्या कुठल्याही म्हाताऱ्या नावाड्याला विचारा. बोटीवरून उतरणाऱ्या परक्या माणसाला वाटे, या गावात लग्नं होतात पण पोरं होत नाहीत. पियानो सुरात लावणारा एक गृहस्थ चार घरचं काम उरकायला म्हणून आला आणि अशी शांतता दुसरीकडे मिळायची नाही म्हणून इथेच घर घेऊन राहिला. चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं गार पाणी टाळूवर पडलं तरी बाळ नुसता एक डोळा उघडून पाद्र्याकडे बघे आणि परत मिटे. पाद्री समजे, आपल्या हाताला गुण आहे.

गुण होता तो एलायस पर्डींच्या सिरपला. 'पर्डी आजीचं बाळशांती सिरप'. दात येत असोत, पोट दुखत असो, नाहीतर नुसती आईची मर्जी असो, एक चमचा दिला की काम झालं. बाटलीवर आजीचं चित्र: नाकावर चष्मा, खांद्यावर झालरीची शाल, मांडीवर झोपलेलं गुबगुबीत बाळ. ही आजी म्हणजे पर्डींचा वारलेला गाडीवान. चित्रकाराने त्याच्या मिशा रंगानेच भादरल्या, डोक्याला लेसची टोपी चढवली, आणि देशभरच्या आया त्याच्यावर जीव टाकू लागल्या. सिरपच्या कारखान्याचं सांडपाणी जिथे नदीला मिळे तिथली मांजरं इतकी गाढ झोपत की उंदरांनी त्यांच्या केसांत घरटी केली होती. हे मी सांगतो म्हणून सोडून द्या हवं तर. बाळांचं मात्र सोडता येत नाही.

ऑगस्टा प्रॉसर आमच्या गावच्या 'कुरियर' वर्तमानपत्रात बायकांचं सदर लिहायची. घरचे तिला गसी म्हणत आणि गाव 'डागवाल्या बाई'. पत्र्याच्या कारखान्याची काजळी आमच्याकडे पडद्यांवर, उशांवर, नवरीच्या झग्यावर, सगळीकडे बसायची, आणि ती कशी काढावी यात गसीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिशी उलटलेली, अविवाहित, जिभेला धार. बाप वेल्समधून आलेला, जन्मभर पत्र्याच्या भट्टीपुढे भाजला आणि गेला. मागे या दोघी बहिणी. धाकटी विनी. तिचा नवरा आयव्हर त्याच भट्टीवर रात्रपाळीला. दिवसा झोपायचा. वरच्या खोलीत दोन भाडेकरू, तेही रात्रपाळीचे. म्हणजे विनीच्या घरी दिवसाउजेडी टाचणी पडली तरी तीन पुरुष ओरडत उठणार.

अशा घरात विनीला पहिली मुलगी झाली, मेगन. आणि मेगन कधी रडली नाही. हरखलेल्या विनीने पर्डींच्या कारखान्याला पत्र धाडलं: 'माझी मेगन देवदूतासारखी झोपते. पर्डी आजीचे उपकार कसे फेडू?' कारखान्याने बक्षीस म्हणून मुलामा दिलेला चमचा पाठवला, दांड्यावर आजी कोरलेली, आणि पत्र जाहिरातीत छापलं. वसंतात एका दुपारी मेगन झोपली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, अशक्त होती. विनी म्हणाली, देवाची मर्जी. गसी काहीच म्हणाली नाही, कारण तिला बोलायला काही सापडलं नाही.

ते तिला तिसऱ्या पानावर सापडलं. जाहिरात चालूच होती. 'माझी मेगन देवदूतासारखी झोपते.' मेगनच्या मृत्यूची बातमी आली त्या दिवशी ती त्याच पानावर, अगदी शेजारच्या रकान्यात लागली. आमच्याकडे पान लावायची रीतच तशी होती. पर्डींच्या जाहिरातीचा ठसा कारखान्यातून ओतून यायचा. तो आधी पानाच्या मधोमध ठेवायचा आणि उरलेल्या जागेत जग बसवायचं: लढाया, लग्नं, मरणं, डाग.

गसी संपादकांच्या खोलीत गेली. थॅडियस क्रम म्हणजे माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरट होता आणि त्याला तो अनुभव म्हणायचा.

"क्रमसाहेब, विनीचं पत्र तेवढं काढून टाका."

"काढून टाका? ठसा आहे तो, गसी. अख्खा. त्यातला स्वल्पविराम काढायचा म्हटला तरी छिन्नी लागेल."

"आणते छिन्नी."

"आण. आणि कराराचं काय करतेस? लाल शाईतलं कलम पाठ आहे ना तुला? पर्डींच्या औषधाविरुद्ध एक ओळ छापली की करार रद्द. सरकारने औषधाविरुद्ध कायदा केला तरी करार रद्द. करार गेला की 'कुरियर' गेला. मग तू डागांवर कशावर लिहिणार? परकरावर?"

"मुलगी मेलीय, साहेब."

"मला ठाऊक आहे. मीच छापलं की," क्रम हळू आवाजात म्हणाला.

हे लाल कलम आमच्या एकट्या क्रमच्या नशिबी नव्हतं. गावोगावच्या वर्तमानपत्रांनी तसल्याच करारांवर सह्या ठोकलेल्या. म्हणून औषधांवर कायदा आणायची नुसती भाषा निघाली की देशभरचे संपादक छातीत कळ आल्यासारखे ओरडायला लागत. त्यांना कुणी ओरडायला सांगावंही लागत नसे.

गसीने मग काय करावं? जाहिरातीतल्या सगळ्या आयांची नावं-गावं छापलेलीच होती. ती त्यांच्याकडे निघाली. सुट्टीच्या दिवशी, बोटीने, घोडागाडीने, कधी चिखलातून बूट हातात घेऊन. ओळख एकच सांगायची: मी डागवाली बाई. दारं आपोआप उघडत. आधी पडद्यांवरच्या काजळीच्या गप्पा, मग कॉफी, आणि कॉफीबरोबर तो चमचा. प्रत्येक घरात तोच चमचा. एकीच्या घरी मुलगा होता, सहा वर्षांचा, दाराशी बसून माशा बघत होता, आणि नाव विचारलं तर हसायचा. बाकीच्या घरांत चमचे होते, पाळणे माळ्यावर गेले होते.

नदीच्या वळणावर लॉटी केप्लर म्हणून बाई होती. गसीने तिला जाहिरात दाखवली.

"अगं बाई, अजून छापतात हे?" लॉटी म्हणाली. "काय लिहिलंय? माझे डोळे गेलेत."

"लिहिलंय, 'माझी हॅटी आता रात्रभर शांत झोपते.'"

लॉटीने हात एप्रनला पुसले. "मग खोटं काय छापलंय? झोपलीय की. त्या चॅपलच्या मागे, दुसऱ्या रांगेत."

गसीने हे सगळं लिहून काढलं. शब्द फुलवले नाहीत. नाव, गाव, जाहिरातीतलं वाक्य आणि त्याखाली थडग्यावरची ओळ. न्यूयॉर्कच्या एका मासिकाने, जे औषधांच्या जाहिराती घेतच नसे, ते पहिल्या पानापासून छापलं. संपादकांनी एवढंच केलं की 'मॉर्फीन' हा शब्द जिथे तिथे खोडून 'अफू' घातला. म्हणाले, वाचकाला जड शब्द पचत नाहीत. गसीलाही ते पटलं.

लेखाने असा भडका उडाला की पोर्ट टॅलमनच्या पोस्टमास्तरांनी गसीच्या पत्रांसाठी वेगळं पोतं ठेवलं, आणि पोतं कमी पडलं तेव्हा स्वतःचा बाथटब दिला. शिकागोतून पत्रं, टेक्ससमधून पत्रं. महिला मंडळांनी ठराव केले. धर्मोपदेशकांनी प्रवचनं झोडली. क्रमने गसीला कामावरून काढलं आणि ते सदर आपल्या मेव्हणीला दिलं. तिने काजळीवर तेजाब सांगितलं. त्या आठवड्यात गावातल्या निम्म्या पडद्यांना भोकं पडली, आणि बाया भोकांतून एकमेकींकडे बघत म्हणाल्या, याला पण गसीच कारण.

एवढं सगळं झालं, पण विनीने तिच्याशी बोलणं टाकलं.

"माझ्या पोरीला मीच मारलं असं छापलंस तू," विनी चॅपलच्या पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत म्हणाली.

"मी असं कुठे लिहिलंय, विनी?"

"नाही लिहिलंस. पण वाचून झालं की सगळ्याजणी माझ्याकडे बघतात."

दुनियेभरच्या आयांना पुरेल एवढं ती बोलू शकत होती, या एकीपुढे तिची जीभ लुळी पडायची.

अबोला सुटला तो ओवेनमुळे. पुढल्या उन्हाळ्यात विनीला मुलगा झाला आणि हा मुलगा रडायचा. कसा रडायचा! पत्र्याच्या कारखान्याचा भोंगा बिघडला तरी गावाला कळलं नाही, लोक ओवेनच्या आवाजावर कामाला निघाले. गसी पाळण्यापाशी गेली, बाळाला उचललं, आणि न विचारता फळीवरची सिरपची बाटली शोधायला लागली.

"तिथे नाहीये," विनी म्हणाली. "फेकली मी. चमचा ठेवलाय. तेवढाच आहे मेगनचा."

"विनी, शपथ घे. याला थेंबही द्यायचा नाही."

"आणि आयव्हरला काय देऊ? भट्टीवरून येतो तेव्हा त्याचे डोळे बघितलेस? वरचे दोघं सोडून जाऊ म्हणतात. मी किती दिवस असं काढू, गसी?"

तेव्हा गसी जे म्हणाली ते तिला पुढे जन्मभर ऐकू आलं. ती म्हणाली, "कायदा येईपर्यंत. वॉशिंग्टनला मसुदा पोहोचलाय. एकदा कायदा आला की आत काय आहे ते त्यांना बाटलीवर छापावंच लागेल. मग तुझं तू वाच आणि तुझं तू ठरव. तोपर्यंत नाही."

विनीने बापाच्या बायबलवर हात ठेवला. "कायदा येईपर्यंत नाही," ती म्हणाली.

त्याच सुमारास एलायस पर्डी स्वतः मोटार घेऊन गसी राहायची त्या खानावळीच्या दारात उभे राहिले. मोठे अदबशीर गृहस्थ. पांढरे हातमोजे, आणि आमच्या गावात पांढरे हातमोजे घालायचे म्हणजे जोड्या किती लागत असतील तुम्हीच बघा.

"मिस प्रॉसर, अभिनंदन करायला आलो. कायदा झालाच पाहिजे."

"तुमच्याविरुद्धचा कायदा?"

"छे हो! कायदा माझ्याविरुद्ध कशाला असेल? परसात कढई मांडून सिरप उकळणारे भामटे आहेत ना, त्यांना कागदपत्रं झेपायची नाहीत. ते जातील. मी राहीन. तुम्ही माझं अंगण झाडून देताय, बाई."

"तुमच्या बाटलीवर विषाचं नाव छापावं लागेल, पर्डीसाहेब."

"छापू की," पर्डी टोपी उचलत म्हणाले. "सुंदर छापू."

गसीला वाटलं, भुंकतोय म्हातारा. पुढे भाषणांत ती हा प्रसंग नकलेसकट सांगायची आणि बायका पोट धरून हसायच्या.

कायदा झाला. नव्या वर्षापासून लागू. जानेवारीत क्लीव्हलंडच्या महिला मंडळाने गसीचा सत्कार केला. बाटलीच्या आकाराचा केक, त्याला काळी फीत, आणि तो कापायचा मान गसीला. टाळ्या इतक्या झाल्या की झुंबराचा एक लोलक निखळून अध्यक्षीणबाईंच्या सूपमध्ये पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गाडीने परतली. स्टेशनातून बाहेर पडून मुख्य रस्त्याला लागली आणि व्हॉस औषधवाल्याच्या दुकानासमोर थबकली.

काचेमागे मनोरा रचला होता. पर्डी आजीच्या बाटल्यांचा, पार छतापर्यंत. नवं कोरं लेबल. आजीच्या डोक्यावर सरकारी शिक्क्यावरचा गरुड पंख पसरून बसलेला आणि त्याखाली ठसठशीत अक्षरं: 'शुद्ध अन्न व औषध कायद्यान्वये हमी'. मनोऱ्यापुढे पाटी: 'मिस ऑगस्टा प्रॉसर यांनी कायदा मागितला. पर्डी आजीने पाळला.'

ती आत शिरली. व्हॉस आनंदाने पुढे आला.

"या, या, डागवाल्या बाई! काय धंदा दिलात हो! सकाळपासून तिसरी पेटी फोडली."

"ही हमी कुणाची, व्हॉस?"

"म्हणजे काय? सरकारची."

"सरकारने बाटलीला हातही लावलेला नाही. कारखानदाराने नुसतं लिहून द्यायचं, की मी कायदा पाळतो. हमी त्याची आहे. त्याने स्वतःचीच दिलेली."

व्हॉसने चष्मा वर सरकवला, लेबल वाचलं, चष्मा खाली घेतला. "असेल बुवा. पण असं तर इथं लिहिलेलं नाही."

"आणि आत काय आहे ते कुठे छापलंय?"

व्हॉसने बोट ठेवून दाखवलं. आजीच्या शालीच्या झालरीत, झालरीसारखीच वळणदार बारीक अक्षरं: 'मॉर्फीन सल्फेट'. पर्डींनी शब्द पाळला होता. सुंदर छापलं होतं.

"तुमची बहीण पण घेऊन गेली की काल," व्हॉस म्हणाला. "डोळ्यांत पाणी होतं हो तिच्या, तुमचं नाव वाचून."

गसीने बॅग तिथेच टाकली.

विनीच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघर लख्ख. भांडी पालथी घातलेली, पाव भाजल्याचा वास. विनी खुर्चीत बसून मोजा विणत होती. किती दिवसांत पहिल्यांदाच तिचे केस विंचरलेले दिसत होते.

"शू!" तिने ओठांवर बोट ठेवलं. "सगळे झोपलेत."

"काय दिलंस त्याला?"

"रागावू नकोस गं. तू म्हणालीस तसंच केलं. कायदा येईपर्यंत थेंब दिला नाही. खांद्यावर घेऊन फिरले, दिवसभर, रोज. आयव्हरने ताट भिंतीवर फेकलं, तरी नाही. आणि काल व्हॉसकडे बघते तर तुझं नाव, एवढ्या मोठ्या अक्षरात! मी दुकानात सगळ्यांना सांगितलं, माझी बहीण ती."

"बाटलीवरचं वाचलंस?"

"वाचलं ना. हमी."

"खाली. शालीच्या झालरीत."

"तेही वाचलं. मॉर्फीन." विनीने निरागसपणे वर पाहिलं. "ते काय असतं?"

गसी पाळण्याकडे धावली. ओवेनचे ओठ निळसर, श्वास इतका दूर दूर की दोन श्वासांमध्ये माणसाने प्रार्थना म्हणून घ्यावी. तिने त्याला उचललं, खिडकी उघडली आणि जानेवारीच्या वाऱ्यात धरलं. तळपायांवर चापट्या मारल्या. "पाणी! गार पाणी, टॉवेल! आणि डॉक्टरला बोलाव!" विनीच्या चेहऱ्यावर मेगनची दुपार उतरली, आणि ती अनवाणीच बर्फातून डॉक्टरकडे पळाली. वरचा एक भाडेकरू जिन्यातून ओरडला, "काय तमाशा लावलाय!" गसी ओल्या टॉवेलने बाळाची छाती चोळत राहिली. जगाला उद्देशून लिहिलेल्या तिच्या लेखांतला एक शब्द तिला आठवेना. ती नुसतं म्हणत होती, "रड रे. रड माझ्या राजा. रड."

डॉक्टर येऊन सुई टोचेपर्यंत, गरम पाणी आणि गार पाणी, गरम आणि गार करेपर्यंत, दिवस कलायला आला. आणि मग ओवेनचा चेहरा चुरगळला. आधी बिजागरी करकरावी तसा आवाज. मग तो रडला.

ते रडणं त्या गल्लीने कालपासून ऐकलं नव्हतं. समोरची खिडकी धाडकन उघडली. "अहो, माणसं झोपलीत!" पलीकडून कुणी भिंतीवर बूट हाणला. आयव्हर जिन्याच्या खालच्या पायरीवर डोकं धरून बसला होता, कामावर जायची वेळ होत आली होती. विनीने बाळ छातीशी घट्ट धरलं होतं आणि तिची पावलं बर्फाने लाल झाली होती.

दारावर टकटक झाली. शेजारच्या बेननबाई. प्रेमळ बाई, आजारपणात सगळ्यांच्या उशाशी बसणारी. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात चमचा, दांड्यावर आजी.

"किती रडवता गं लेकराला! घ्या, एक चमचा द्या, गप होईल. आता भ्यायचं काही कारण नाही." त्या गसीकडे बघून कौतुकाने हसल्या. "तुमच्यामुळेच तर."

गसीने तोंड उघडलं. पण बोलली विनी. तिने बेननबाईंच्या हातातून बाटली घेतली, उजेडाकडे धरली, गरुडापासून झालरीपर्यंत सावकाश वाचली.

"बेननबाई, हे विष आहे. माझी मेगन यानेच गेली."

बेननबाईंचं हसू मावळलं. त्यांनी बाटली परत घेतली आणि पदराआड धरावी तशी शालीत गुंडाळली. "दुःखात माणूस काहीही बोलतं," त्या म्हणाल्या. "सरकारला जास्त कळतं का तुला?"

त्या गेल्या. ओवेन रडत होता, आयव्हर बूट चढवत होता. गसी भिंतीकडे बघत उभी राहिली. त्या भिंतीपलीकडे बेननबाईंच्या मुलीचं बाळ होतं, नाताळात झालेलं. एवढ्या गोंधळात त्याचा एकदाही आवाज आला नव्हता.

तिने ओला टॉवेल उचलला, पायऱ्या उतरली, शेजारच्या पायऱ्या चढली आणि दार ठोठावलं.

आतून कडी घातल्याचा आवाज आला.